तुला ऐकू येईल असा प्रोग्राम

महानंदा,

परवा क्लासच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. टेबलावर तुझा फोटो होता. मीच काढलेला, गच्चीवरचा, मागे आपले कपडे वाळत आहेत. हार घालताना कुणीतरी तो थोडा तिरका केला आणि शेवटपर्यंत तो तसाच राहिला. क्लासचे संचालक बोलायला उठले. माणूस चांगला आहे, तुझ्या दवाखान्याच्या दिवसांत आपलं काम किती रखडलं, पण एका शब्दानं बोलले नाहीत. तर ते म्हणाले, "महानंदा मॅडमच्या आयुष्याच्या लूपला देवानं मध्येच ब्रेक लावला." समोरच्या मास्तरांनी माना हलवल्या.

मला उठून सांगावंसं वाटलं की ब्रेक असा नसतो. शोधत असलेलं सापडलं, आता पुढे बघायची गरज नाही, तेव्हा माणूस ब्रेक लिहितो. तुला कुठं काय सापडलं होतं? तुझं शोधणं चालूच होतं. पण मी गप्प बसले. तू असतीस तर माझ्या कोपराला धरून म्हणाली असतीस, "राहू दे गं. खामखा कशाला." माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर मी पर्स ठेवली होती.

माझी न् तुझी ओळखच ह्या ब्रेकवरच्या भांडणातून झाली, म्हणून मला तो शब्द एवढा टोचला असेल.

नांदेडचं कॉलेज, कॉम्प्युटरची लॅब. मी भोकरहून आलेली, घरात सगळे शेती करणारे, कॉम्प्युटरला हात लावायचीही मला भीती. तू चाकूरची, दुकानदाराची लेक, गळ्यात इष्टलिंगाचं करडं, ती चांदीची डबी, आणि एका कानात इयरफोन. लहानपणीच्या आजारात तुझे दोन्ही डोळे गेले होते. सरांनी मला तुझ्या शेजारी बसवलं आणि म्हणाले, "हिला पुस्तक वाचून दाखवत जा." मी वाचायला लागले तर तू म्हणालीस, "एवढं हळू नको वाचू, मला झोप येऊन राहिली." तुझ्या लॅपटॉपमधला तो आवाज स्क्रीनवरची प्रत्येक ओळ इतक्या वेगात वाचायचा की आम्हाला नुसती माशी घोंगावल्यासारखी वाटायची. तुला मात्र त्यातलं अक्षर न् अक्षर कळायचं.

त्या आठवड्यात सर लूप शिकवत होते. यादीतल्या प्रत्येक नावाला तेच काम पुन्हा पुन्हा करायचं, तो लूप. मधलं एखादं नाव सोडून पुढचं घ्यायचं तर कंटिन्यू. काम झालं, आता पुरे, बाहेर पडायचं तर ब्रेक. हे दोन्ही शब्द सरांनी फळ्यावर लिहिले आणि लगेच म्हणाले, "पण वापरू नका. लूपला दार एकच असावं. ब्रेक म्हणजे खिडकीतून उडी मारणं."

मला ते पटलं. मी शिस्तीत वाढलेली मुलगी. मी प्रोग्राम लिहिला तो असा, की मुलगा हजर असेल तर, आणि त्याच्या आत, त्यानं कॉपी केली नसेल तर, आणि त्याच्याही आत, त्याला अमुक मार्कांहून जास्त असतील तर. प्रत्येक 'तर' आधीच्याच्या पोटात, कंसात कंस. ओळी कशा पायऱ्यांसारख्या आत आत सरकत गेलेल्या. सरांनी तो सगळ्या वर्गाला दाखवला. मग तू तो तुझ्या लॅपटॉपवर घेतलास आणि ऐकलास. बराच वेळ ऐकलास. मग इयरफोन काढून म्हणालीस,

"वैशाली, मी हरवले तुझ्या प्रोग्रामात."

"कुठं?"

"तेच तर कळून नाही राहिलं. जिने उतरले, उतरले, अन् आता नुसतं कंस बंद, कंस बंद, कंस बंद ऐकू येऊन राहिलं. कोणत्या मजल्यावर उभी हाय मी?"

"अगं, समास बघ ना, ओळ किती आत सरकलीय ते," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

"बघितला असता," तू म्हणालीस, "पण आज चष्मा न्हाई आणला."

मला हसावं की रडावं कळेना. तू खुशाल हसत होतीस. मग तू तोच प्रोग्राम तुझ्या पद्धतीनं लिहून मला दिलास. गैरहजर आहे? सोड, पुढचा. कॉपी केली? सोड, पुढचा. हवा तो सापडला? पुरे, बाहेर. सगळ्या ओळी एकाखाली एक, सपाट, कुठं पायरी नाही. "नको ते दारातनंच वापस लावायचं," तू म्हणालीस. "मग घरात जे उरतं ते निवांत ऐकता येतं. मला सगळे 'तर' डोक्यात धरून बसावं लागत न्हाई."

मी म्हणाले, पण सरांनी सांगितलंय. तू म्हणालीस, सरांना डोळे हायत.

दुसऱ्याच प्रॅक्टिकलला तुझी फजिती झाली, ती आठवतेय? सरावाच्या खोट्या यादीतल्या गैरहजर मुलांची नावं छापायची होती. यादीत एक पाऊल पुढं सरकायची ओळ तू लूपच्या तळाशी लिहिली होतीस, आणि नाव छापलं की तुझा कंटिन्यू तिथं पोचायच्या आधीच सगळं परत वर पाठवत होता. म्हणजे पहिलं गैरहजर नाव आलं की गाडी तिथंच. त्यात तुझ्या इयरफोनची पिन निसटलेली. भर लॅबमध्ये तो आवाज इंग्रजी वळणानं ओरडायला लागला, बालाजी बालाजी बालाजी बालाजी. आपल्या वर्गातला बालाजी गडबडून उभाच राहिला, "यस सर" म्हणाला. सरसुद्धा टेबलाला धरून हसले. हसून झाल्यावर म्हणाले, "ह्यासाठी सांगत होतो मी."

तू उभी राहिलीस. "सर, चूक माझी हाय. कंटिन्यूची न्हाई."

"चुकतं माणूसच," सर म्हणाले. "म्हणून तर नियम लागतात."

सरांनी मार्क कापले. जिना उतरताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणालीस, "सरांचं बी बरोबर हाय. पण मी असंच लिहिणार." त्या दिवशी मला वाटलं, ही मुलगी आपली मैत्रीण व्हावी.

नंतर मी पुण्याला नोकरीला गेले. तिथं माझं कुणाशी भांडण झालं नाही आणि मैत्रीही झाली नाही. मग तुझा फोन आला, की लातूरच्या एका क्लासला हजेरीचा प्रोग्राम पाहिजे, जो मुलगा आला नाही त्याच्या घरी तासाभरात निरोप जायला हवा. "आतलं सगळं मी करते," तू म्हणालीस. "पण स्क्रीनवर काय कुठं दिसावं ते मला कुठून कळणार? रंगाचं, मांडणीचं तू बघ. येतीस का?" मी येते म्हणाले. आईनं भोकरहून फोन करून विचारलं, पुणं सोडून लातूरला कशाला? मला नीट सांगता आलं नाही. अजूनही येत नाही.

दोन खोल्या, एक गच्ची, दोन टेबलं. लोक विचारायचे, तुम्ही दोघी बहिणी का? तू हाव म्हणून मोकळी व्हायचीस. चहा तू करायचीस, कारण माझा तुला पाणचट लागायचा. भाजी मी आणायची आणि निवडायची तू, मेथीचं एक पिवळं पान तुझ्या बोटांतून सुटायचं नाही. दिवसभर तो घोंगावणारा आवाज चालू असायचा. पहिल्या वर्षी मला त्याचा त्रास झाला. पुढं पुढं तो थांबला की मी मान वर करून बघायची, तू उठलीस का, बरी आहेस ना.

आणि आपलं भांडण. ते काही संपलं नाही. तू तुझे भाग सपाट लिहायचीस, मी माझे जिन्यांचे. एकमेकींचं वाचायची वेळ आली की दोघी कुरकुरायचो. सगळ्यात मोठं भांडण त्या संध्याकाळच्या यादीवरून झालं. संचालकांना हवं होतं की प्रत्येक मुलाच्या नावापुढं 'तपासलं' अशी खूण यावी. मी तुझ्या लूपच्या तळाशी खूण करायची एक ओळ घातली. पण तू हजर मुलांना वरच्या वर कंटिन्यूनं सोडून देत होतीस, ती तळापर्यंत पोचतच नव्हती. संध्याकाळी संचालकांचा फोन, "मॅडम, यादीत नुसत्या न आलेल्यांपुढंच खूण दिसतीय. जे आले ते कुठं गेले?"

मी म्हणाले, "बघ, ह्यामुळं मला हे आवडत नाही. खाली ओळ घालणाऱ्याला कळणार कसं की अर्धी मुलं वरूनच परत गेलीत?"

"वरपासून ऐकलं असतंस तर कळलं असतं."

"मी ऐकत नाही महानंदा, मी बघते."

"मग मी काय करू?" तू म्हणालीस. "मला तर तुझे जिने रोज उतरावे लागून राहिले. मी कधी फोन केला का तुला, की पाय दुखले म्हणून?"

त्या रात्री आपण आपापल्या टेबलाशी जेवलो. सकाळी तू ती ओळ स्वतः उचलून लूपच्या तोंडाशी नेऊन ठेवलीस, आणि वर माझ्यासाठी एक सूचना लिहिलीस, 'वैशू, इथून पुढं सगळे जात न्हाईत.' ती सूचना अजून तिथंच आहे. ग्राहकाला दिसत नाही, आपल्यालाच दिसते. आता मलाच दिसते.

मग तुझा पाय दुखायला लागला, खरोखरचा. आधी आपण गच्चीच्या पायऱ्यांना दोष दिला. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं की लहानपणी डोळ्यांत होता त्याच कॅन्सरचं घराणं, आता हाडात. परत येताना तू गाडीत खिडकीच्या काचेला डोकं टेकून बसलीस. उदगीर मागं पडल्यावर म्हणालीस, "वैशू, क्लासच्या निकालाचं काम अर्धं हाय. ते तू कर." मी हो म्हणाले. त्यापलीकडचं काहीच बोललो नाही आपण, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

तुला चाकूरला तुझ्या आईकडं, अव्वांकडं नेलं. मी रविवारी बसनं यायची. लॅपटॉप तुझ्या उशाशी असायचा, पण औषधांनी तुझं ध्यान लागेनासं झालं होतं. एका रविवारी तू माझा निकालाचा प्रोग्राम ऐकायला घेतलास आणि थोड्या वेळानं इयरफोन काढून ठेवलास. "जिने चढवत न्हाईत आता," म्हणालीस. चिडून नाही, सहज.

मी घरी आले आणि तो प्रोग्राम पहिल्यापासून लिहायला घेतला. तुझ्यासारखा. नको ते दारातूनच परत. सापडलं की बाहेर. मला ते जमत नव्हतं, हात आपोआप आत आत सरकायचा, मी परत मागं आणायची. डोळे मिटून तो आवाज लावून बघितला, सगळ्यात हळू वेगात, आणि जिथं मी हरवले तिथली ओळ बदलली. बरेच दिवस लागले. इतक्या प्रेमानं मी कधी काही लिहिलं नव्हतं. प्रेम हा शब्द तुझ्यापुढं उच्चारायचं धाडस नव्हतं, म्हणून कंटिन्यू लिहीत बसले असेन.

पुरा झाला त्या रविवारी मी तुला तो दिला. अव्वा स्वयंपाकघरात होत्या. तू उशीला टेकून ऐकलास, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, न थांबता. मी तुझ्या चेहऱ्याकडं बघत होते.

"हे कुणाचं हाय?" तू विचारलंस.

"माझं."

"तुझं न्हाई हे. हे मी लिहिल्यासारखं हाय."

"मग? तुला तेच पाहिजे होतं ना?"

तू इयरफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिलीस. मग म्हणालीस, "तुझं ऐकताना मला कळायचं, ही वैशू. इथं घाबरली, म्हणून अजून एक 'तर' घातला. इथं दमली. इथं उठून चहा पिऊन आली. आता ह्यात आपल्या दोघींतली एकच राहिली."

मला इतका राग आला. कॉलेजपासून तू हेच मागत होतीस. मी म्हणाले, "तुला काही दिलं तरी पसंत पडत नाही. महिनाभर मी ह्याच्याशी झटतेय." आवाज चढला माझा, आजारी माणसापुढं चढवू नये तेवढा. तू म्हणालीस, "वापर हाच, चांगला हाय. पण जुना फेकू नको. फुडच्या रविवारी बोलू." मी लॅपटॉप मिटला, बॅग उचलली आणि बस पकडली.

पुढच्या रविवारी तू बोलण्याच्या पलीकडं गेली होतीस. मी तुझा हात धरून बसले. तुझी बोटं माझ्या मनगटावर हलत होती, काहीतरी टाइप केल्यासारखी. काय, ते मला वाचता आलं नाही. मंगळवारी तू गेलीस. तुम्हा लिंगायतांत बसवून पुरतात हे मला ठाऊक होतं, पण बघितलं पहिल्यांदाच. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं होतं आणि मान किंचित कललेली. काहीतरी ऐकत बसल्यासारखी दिसत होतीस.

लातूरच्या खोलीत आता काहीच ऐकू येत नाही. शेजारच्यांचा मिक्सर, खालच्या गल्लीतून जाणारा भंगारवाला, बस. मी चहा करते, तो पाणचट होतो, आणि मी तो पिते. त्यातच क्लासला निकाल पाहिजे होता. मी नवा प्रोग्राम चालवला, सपाट. नीट चालला, एकही नाव चुकलं नाही. जुनाही ठेवलाय. कधी कधी उघडून वाचते आणि शोधते, मी कुठं घाबरले होते, कुठं दमले होते. मला सापडत नाही. मला नुसते कंस दिसतात. तुला ते कसं ऐकू यायचं हे मी कधी विचारलंच नाही. विचारायला तो रविवार ठेवला होता.

काल मी चाकूरला गेले. अव्वा दारातच बसल्या होत्या. मला जवळ बसवून घेतलं, वाढलं, मी जेवेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती काय लिहायची गं नेमकं? मला कधी कुणी सांगितलं न्हाई."

मी सांगितलं. क्लासमध्ये शेकडो मुलं, प्रत्येकाचं नाव बघायचं, आलेल्याला सोडून पुढं जायचं, न आलेल्याच्या घरी तेवढं कळवायचं.

"म्हंजे घरच्याला काळजी लागायच्या आत कळावं म्हणून."

"हाव."

अव्वा पदरानं ताट पुसत राहिल्या. ते आधीच कोरडं होतं. मग विचारलं, "त्या रविवारी तुम्ही भांडलात, ते कशावरनं?"

मी खाली बघितलं. इतके दिवस मी हेच धरून बसले होते, की आपलं शेवटचं बोलणं भांडणाचं झालं, आणि ते अव्वांनी ऐकलं. मी जमेल तसं सांगितलं. जिने, सपाट, तुझं म्हणणं, माझं म्हणणं. त्यांना किती कळलं कोण जाणे.

"तू गेल्यावर लई वेळ हसत होती ती," अव्वा म्हणाल्या. "मला वाटलं दुखून राहिलं म्हणून कण्हती का काय. आत येऊन बघते तर हसू. मी इचारलं, काय झालं गं? तर म्हणली, काही न्हाई अव्वा, वैशू चिडली. लई दिवसांनी चिडली. मला आजारी समजून समदे गोड बोलून राहिले होते."

मी तिथंच रडले, महानंदा. तुला पुरताना आलं नव्हतं एवढं. अव्वा पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि स्वतः मात्र रडल्या नाहीत. त्यांनी शेंगाचटणी बांधून दिली, स्टँडपर्यंत चालत आल्या, आणि बस सुटताना खिडकीखाली उभ्या राहून म्हणाल्या, "पोचल्यावर फोन कर."

लातूरला पोचेपर्यंत अंधारलं होतं. कुलूप उघडलं, दिवा लावला, चटणीचा डबा ओट्यावर ठेवला. मग फोन केला.

"पोचले, अव्वा." मी आजवर त्यांना मावशी म्हणायची. तोंडातून हेच निघालं.

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हाव," त्या म्हणाल्या. "जेवून घे. अन् दार नीट लाव."